विश्लेषण : मृगजळ, नीलपंखाचं पीस आणि वळणारा प्रकाश… सी. व्ही. रामन यांचं कमी माहीत असलेलं काम नेमकं काय होतं?

मे महिन्यात भर दुपारी मेहकरहून सुलतानपूर, बीबीमार्गे सिंदखेडराजाकडे निघालात, तर समोरच्या डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. जवळ जावं तर ते पुढे सरकतं. लोणार तालुक्यात कोणाला याचं नवल वाटत नाही. मृगजळ हा शब्द आपण शाळेत जायच्या आधीच ऐकलेला असतो. मात्र रस्त्यावर शेकडो मीटर अंतरात होणारी हीच किमया एखाद्या चिपवर, प्रकाशाच्या मोजक्या तरंगलांबींइतक्या जागेत घडवता येईल, असं २००५ आणि २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडलं. त्यासाठी लागणाऱ्या रचनेला ग्रेडेड फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात.

नाव अवघड असलं तरी त्यात गोष्टी दोनच आहेत. एक, अतिशय बारीक आणि नियमित अंतरावर पुन्हा पुन्हा येणारी रचना. दोन, त्या रचनेत हळूहळू केलेला बदल. या दोन्ही गोष्टींच्या मागे आयुष्यातली बरीच वर्षं घालवलेला एक भारतीय शास्त्रज्ञ होता आणि तो काही काळ आपल्या नागपुरात सरकारी नोकरीत होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांना आपण २८ फेब्रुवारीपुरते ओळखतो. त्या दिवशी जाहीर झालेला रामन परिणाम, १९३० चं नोबेल, संपलं. त्यांचं बाकीचं काम पाठ्यपुस्तकात येत नाही. हा लेख त्या बाकीच्या कामाबद्दल आहे.

आधी एक खुलासा. फोटॉनिक क्रिस्टलचा शोध रामन यांनी लावला, असा मजकूर कोणी फॉरवर्ड केला तर तो चूक आहे. हे नाव १९८७ नंतरचं आहे आणि रामन १९७० मध्येच गेले.

हिशेब खात्यातला भौतिकशास्त्रज्ञ

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे घरात पुस्तकं होती. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये ते बी.ए. झाले. १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. विषय होता आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाचं विवर्तन. म्हणजे सुरुवातही प्रकाशापासूनच.

पुढे इंग्लंडला जायचं, तर मद्रासच्या सिव्हिल सर्जनने तिथली हवा या मुलाला मानवणार नाही असा निर्वाळा दिला. त्या काळात हिंदुस्थानात संशोधनावर पोट भरेल अशी नोकरी जवळपास नव्हतीच. रामन यांनी वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात सहायक महालेखापाल झाले. लोकसुंदरी यांच्याशी लग्नही त्याच वर्षी झालं.

कलकत्त्यात बोबाजार रस्त्यावर त्यांना इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये उभी केलेली ही संस्था तेव्हा जवळपास ओस पडली होती. रामन यांचा दिनक्रम ठरला : ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर प्रयोगशाळा, मधल्या वेळेत सरकारचे हिशेब.

मग बदल्या सुरू झाल्या. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं आणि आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, म्हणजे याच प्रांतात मोडत होता. प्रयोगशाळा मागे राहिली तसे रामन यांनी राहत्या घरीच प्रयोग मांडले. सरकारी नोकरीत बदली होऊन आलेला तरुण अधिकारी संध्याकाळी घरात काचा आणि तारा घेऊन बसतोय, हे दृश्य शेजाऱ्यांना कसं वाटलं असेल याची कल्पनाच करावी. १९११ मध्ये त्यांची पुन्हा कलकत्त्याला बदली झाली.

नोकरी सुरक्षित होती, बढतीची वाट मोकळी होती. तरीही १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद देऊ केल्यावर रामन यांनी वित्त खातं सोडलं. नव्या जागेचा पगार बराच कमी होता. इंजिनिअरिंग करून आज बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षांना बसणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा निर्णय किती अवघड असतो ते सांगायला नको. फक्त इथे दिशा उलटी होती.

मुंबई बंदरातून गेलेलं टिपण

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा इंग्लंडला गेले. परतताना एस. एस. नारकुंडा या बोटीवर भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रेली यांचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होतं. ते एका ठरावीक कोनात धरलं की पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड गाळला जातो. तो गाळल्यावरही समुद्र निळाच दिसला. याचा अर्थ पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात उभी असतानाच, २६ सप्टेंबरला, त्यांनी नेचर या नियतकालिकासाठी टिपण लिहिलं.

त्या टिपणातून पुढे सात वर्षांचं काम उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९२८ ला के. एस. कृष्णन यांच्या साथीने रामन परिणाम हाती लागला आणि १९३० मध्ये नोबेल मिळालं. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढे जाऊ.

नोबेलनंतर काय?

१९३३ मध्ये रामन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. कारभाराच्या पद्धतीवरून वाद झाले, चौकशी समिती बसली आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावं लागलं. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले. स्वभाव तापट होता आणि माघार घेणं त्यांना जमत नसे. ज्या मॅक्स बॉर्न यांना त्यांनी स्वतः बंगळुरूला बोलावलं होतं, त्यांच्याशीही पुढे स्फटिकांमधल्या कंपनांवरून मोठा वाद झाला आणि त्यात बॉर्न यांचीच बाजू बरोबर ठरली.

पण वादांच्या याच वर्षांत प्रकाशावरचं त्यांचं एक अत्यंत उपयोगी काम झालं. १९३५-३६ मध्ये एन. एस. नागेंद्रनाथ या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक सिद्धांत मांडला. द्रवातून श्राव्यातीत ध्वनी सोडला की द्रवात दाट-विरळ, दाट-विरळ असे पट्टे तयार होतात. प्रकाश या पट्ट्यांमधून आडवा गेला की अनेक दिशांना फाकतो. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये १९३२ मध्ये हे दिसलं होतं; कोणत्या दिशेला किती प्रकाश जाणार याचं गणित रामन-नाथ यांनी दिलं.

यात महत्त्वाचं काय, तर हे पट्टे कायमचे नसतात. ध्वनी बंद केला की ते जातात, कमी-जास्त केला की प्रकाशाची वाटणी बदलते. लेझरचा किरण वीजवेगाने चालू-बंद करण्यासाठी किंवा वळवण्यासाठी आज जी ध्वनी-प्रकाश उपकरणं वापरतात, त्यांच्या पुस्तकात रामन-नाथ हे नाव पहिल्या काही पानांतच येतं. प्रकाशाचं नियंत्रण म्हणतात ते हेच, आणि तेही स्विचवर.

शिंपला, पीस आणि काडेपेटीचं रसायन

याच सुमारास रामन यांना रंगांनी झपाटलं. म्हणजे रंगद्रव्याशिवाय दिसणाऱ्या रंगांनी. शिंपल्याच्या आतल्या बाजूला इंद्रधनुष्यासारखी झाक असते. शिंपला कुटून पूड केली तर ती पांढरी होते. मग रंग गेला कुठे? तो मुळात पदार्थात नव्हता, रचनेत होता. शिंपल्याच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. १९३४ मध्ये रामन यांनी या शिंपल्यांवर निबंधांची मालिकाच लिहिली.

त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांच्या पिसांवर लिहिलं आणि त्यासाठी निवडला तो आपला नीलपंख. शेतातल्या तारांवर गप्प बसलेला मातकट पक्षी उडाला की पंखातली निळाई एकदम उघडते, तो. काही जण त्याला चास म्हणतात. आकाश ज्या कारणाने निळं दिसतं त्याच कारणाने, म्हणजे बारीक कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे, ही पिसं निळी दिसतात अशी त्या वेळची समजूत होती. रामन यांनी पिसं निरनिराळ्या कोनांतून, निरनिराळ्या उजेडात पाहिली आणि एवढ्यावर हा रंग उलगडत नाही असं सांगितलं. पुढे अनेक दशकांनी झालेल्या तपासण्यांत पिसाच्या आतल्या केराटिनमध्ये ठरावीक अंतराची सूक्ष्म रचना सापडली. रामन यांची शंका रास्त होती.

नियमित रचनेतून रंग कसा येतो? गावातलं लेझीम पथक आठवा. प्रत्येक जण आपापल्या मनाने वाजवायला लागला तर नुसता गोंगाट. सगळे एका तालात आले की आवाज चौकापर्यंत जातो. थरांचंही तसंच आहे. प्रत्येक थरावरून थोडासाच प्रकाश परततो. पण थरांची पुनरावृत्ती त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या अंतराने होत असेल तर परतणाऱ्या सगळ्या लहरी एका तालात येतात आणि तेवढाच रंग जोरात परततो. बाकीचे रंग पुढे निघून जातात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, म्हणजे हे थर केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ हवेत.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना पोटॅशियम क्लोरेटच्या स्फटिकात मिळतो. काडेपेटीच्या गुलात असतं तेच हे रसायन. त्याचे काही स्फटिक झगझगीत एकरंगी चमक देतात. स्फटिकाच्या आत जुळे थर आलटूनपालटून, नियमित अंतराने येत असल्याने असं होतं, हे रेली यांनी १८८८ मध्ये सांगितलं होतं. रामन यांनी हे काम उचललं आणि पन्नाशीच्या दशकापर्यंत चालू ठेवलं. थर जितके जास्त आणि नियमित, तितका परतणारा रंगाचा पट्टा शुद्ध. त्या पट्ट्यातला प्रकाश स्फटिकात जवळपास शिरूच शकत नाही. आजच्या भाषेत याला एकाच दिशेतला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतील.

ओपलच्या बाबतीत मात्र रामन अर्धेच बरोबर निघाले. १९५३ मध्ये ए. जयरामन यांच्यासोबत त्यांनी ओपलमधले रंग नियमित थरांमुळे येतात असं मांडलं. नियमितपणा खरा होता, थर खरे नव्हते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तर आत सिलिकाचे एकसारखे गोळे होते, बाजारात मोसंबी रचतात तसे रचलेले. डोळा, भिंग, साधा वर्णपटदर्शक एवढ्यावर माणूस कुठवर पोहोचतो आणि कुठे अडतो, हे रामन यांच्या आयुष्यात इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सत्तरीतलं मृगजळ

१९४८ नंतर रामन स्वतःच्या संस्थेत, बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. सरकारी पैशापासून लांब राहणंच त्यांनी पसंत केलं. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. संस्थेत त्यांनी जमवलेले खडे, स्फटिक, शिंपले, फुलपाखरं यांचं संग्रहालयच होतं.

१९५९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मृगजळावर निबंध लिहिला. जोडीला होता शिवरामकृष्णन पंचरत्नम, त्यांचा भाचा, वय २५.

मृगजळात नवीन काय असणार? शाळेत शिकवतात : जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, तिचा अपवर्तनांक कमी होतो, तिरपा येणारा किरण थोडा थोडा वाकत जातो आणि शेवटी वर वळतो. आकाशाचा उजेड जमिनीकडून आल्यासारखा दिसतो आणि मेंदू त्याला पाणी समजतो. पण यात एक गोची आहे. वाकता वाकता किरण पूर्ण आडवा झाला, की तो एकाच थरातून, एकाच अपवर्तनांकातून चालला आहे. मग त्याने वर वळावं ते कशासाठी? नुसती किरणांची रेघ ओढून याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर लहरींमध्ये आहे. बैलगाडीचं एक चाक काळ्या मातीच्या चिखलात आणि दुसरं कोरड्या रस्त्यावर असेल तर गाडी चिखलाच्या बाजूला वळते, कारण तिकडचं चाक मागे पडतं. प्रकाशाची लहर रुंद असते. तिचा वरचा भाग थंड, दाट हवेत म्हणजे किंचित हळू, खालचा भाग तापलेल्या हवेत म्हणजे किंचित जलद. साहजिकच लहर वरच्या बाजूला वळते. रामन-पंचरत्नम यांनी तापलेल्या पृष्ठभागालगत प्रकाश सोडून प्रयोगशाळेत मृगजळ तयार केलं, तेव्हा त्यात उजेड-अंधाराचे पट्टे दिसले. नुसत्या किरणांच्या हिशेबात असे पट्टे येत नाहीत. मृगजळ ही लहरींची गोष्ट आहे, हे त्यातून ठसलं.

घरी पाहायचं असेल तर काचेच्या चौकोनी भांड्यात तळाला साखर घालून वरून अलगद पाणी ओता आणि एक दिवस हलवू नका. खाली दाट, वर पातळ असं द्रावण तयार होतं. बाजूने लेझर पॉइंटर सोडला की किरण सरळ न जाता खाली झुकत जातो. हे उलटं मृगजळ. लेझर मात्र कोणाच्या डोळ्यावर पडू देऊ नका.

दोन वाटा एकत्र कधी आल्या?

रामन यांच्या हयातीत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत एली याब्लोनोविच आणि केरळमध्ये जन्मलेले सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडलं, की पदार्थात सर्व बाजूंनी नियमित रचना कोरली तर ठरावीक रंगाच्या प्रकाशाला आत येण्यापासून अडवता येईल किंवा आतच कोंडता येईल. फोटॉनिक क्रिस्टल ते हेच. योगायोग असा, की देशात पहिला राष्ट्रीय विज्ञान दिनही त्याच वर्षी साजरा झाला.

सुरुवातीची बरीच वर्षं सगळा भर रचना काटेकोरपणे एकसारखी ठेवण्यावर होता. एक छिद्र चुकलं तरी प्रकाश बिघडतो, असा हिशेब. २००५ मध्ये इमॅन्युएल सेन्तेनो आणि डेव्हिड कासान्य यांनी वेगळा प्रश्न घेतला : छिद्रांचा आकार किंवा त्यांच्यातलं अंतर ओळीगणिक मुद्दाम थोडं थोडं बदलत नेलं तर? आता प्रकाशाला ओळीगणिक वेगळा पदार्थ भेटतो, जसा रस्त्यावर थरागणिक वेगळी हवा भेटते. लहर वळते. २००६ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मृगजळ हा शब्द आहे आणि २००८ मध्ये फ्रान्समध्येच सूक्ष्मलहरींवर प्रयोग करून हे वळण प्रत्यक्ष मोजलं गेलं.

फरक ताकदीचा आहे. हवेचा अपवर्तनांक जेमतेम १.०००३, तापल्याने त्यात होणारा बदल नगण्य. म्हणून रस्त्यावर पाणी दिसायला लांबचा पल्ला आणि अगदी सपाट कोन लागतो. कोरलेल्या रचनेत बदल कितीतरी मोठा ठेवता येतो, म्हणून मोजक्या तरंगलांबींतच प्रकाश वळतो. शिवाय रंग किंचित बदलला तरी वाट बरीच बदलते. एकाच तंतूतून आलेले वेगवेगळ्या तरंगलांबींचे संदेश वेगळे करायला, प्रकाश एका बिंदूवर आणायला, चिपवर कोपरा वळायला याचा उपयोग. तुमच्या मोबाइलमध्ये उद्या हे येईल असं मात्र समजू नका. इतक्या बारीक छिद्रांचा आकार हव्या त्या क्रमाने बदलत कोरणं हे महागडं काम आहे आणि यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे.

शेवटची वर्षं

साठीच्या दशकात रामन फुलांच्या रंगांवर आणि माणसाला रंग कसा दिसतो यावर लिहीत होते. त्यातली त्यांची बरीच मतं इतरांना पटली नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही सोडलं. १९६९ मध्ये पंचरत्नम ऑक्सफर्डमध्ये वारले, अवघ्या पस्तिशीत.

२१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरूत रामन यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार त्यांच्या संस्थेच्या बागेतच झाले आणि त्या जागी एक झाड लावलं गेलं.